संशोधनाचा पेपर पाठवायच्या आधी थोडं थांब गा

कपाशीवरचं तुझं काम चांगलं आहे बाप्पा, पण 'पैसे भरा, चार दिवसांत छापतो' अशा ईमेलनं हुरळू नको. चार दिवसांत कोणी नीट तपासत नसतं.

१६६५ साली लंडनमध्ये हेन्री ओल्डेनबर्गनं 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे विज्ञानाचं नियतकालिक काढलं. (पॅरिसचं असंच एक नियतकालिक त्याच्याही दोन महिने आधीचं.) तोवर शोध खासगी पत्रांतून फिरायचे, आणि आधी कोणाला सुचलं यावरून शेताच्या धुऱ्यासारखी भांडणं व्हायची. छापील तारखेनं निदान पुरावा तरी मिळाला. बाहेरच्या जाणकारांकडून तपासणी मात्र सगळीकडे रुळली ती विसाव्या शतकातच.

त्या तपासणीसाठी लिही. बोंडअळी कोणत्या तालुक्यात मोजली, किती झाडं, कोणत्या आठवड्यात, फवारणी कधी झाली. अकोल्यातल्या माणसाला तेच पुन्हा करून पाहता आलं पाहिजे. तपासणाऱ्यांनी झोडपलं तर चिडू नको, मुद्द्यागणिक उत्तर दे.

संपादक मंडळातली माणसं खरंच त्या विषयातली आहेत का, बघ. 'करंट सायन्स' हे आपल्याकडचं विज्ञान नियतकालिक १९३२ पासून निघतं, त्याचे जुने अंक चाळ. आणि एका वेळी एकाच ठिकाणी पाठवजो, नाहीतर दोन्हीकडून जाशील.