वाचकांचे प्रश्न : बातमी आधी, मानपान नंतर

प्रश्न : आमचे नाट्यमंडळ गावच्या जत्रोत्सवात दर वर्षी नाटक सादर करते. त्याची माहिती मी इन्स्टाग्रामवर आणि फेसबुकवर देतो. परंतु ती वाचून बाहेरगावचे कोणी येत नाही. 'श्री शांतादुर्गा देवस्थानच्या वार्षिक जत्रोत्सवानिमित्त सालाबादप्रमाणे यंदाही सर्व ग्रामस्थांच्या सहकार्याने' अशी माझी सुरुवात असते. यात काय चुकते?
— मंडळाचे चिटणीस, फोंडा तालुका

उत्तर : आपले वाक्य निर्दोष आहे आणि छापील आमंत्रणपत्रिकेत ते शोभेलही, कारण पत्रिका हातात घेतलेला माणूस ती शेवटपर्यंत वाचतो. इन्स्टाग्रामवर मजकूर २,२०० अक्षरांपर्यंत लिहिता येत असला, तरी समोर येतात त्या सुरुवातीच्या एक-दोन ओळीच. उरलेला मजकूर वाचकाला बोट लावून उघडावा लागतो. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि आमंत्रणाच्या भाषेत मानपान सुरुवातीला असतो, त्यामुळे दिसणाऱ्या त्या ओळी ग्रामस्थांच्या सहकार्यातच संपतात व नाटक आहे की भजन, हे वाचकाला कळतच नाही.

'शनिवार, १४ फेब्रुवारी, रात्री १० वाजता : तीन अंकी विनोदी नाटक, प्रवेश विनामूल्य' अशा स्वरूपाची ओळ पहिली असावी आणि तिला लागूनच गावाचे व देवळाचे नाव यावे. गावाचे नाव आपण गृहीत धरता, कारण आपले वाचक गावचेच आहेत अशी आपली समजूत आहे. पण शांतादुर्गेची देवळे कवळ्याला आहेत, धारगळला आहेत, फातर्प्यालाही आहेत, आणि डिचोलीहून निघालेल्या रसिकाने नेमके कोठे यावे हे त्याला कोणीतरी सांगायला हवे. 'आज' आणि 'उद्या' हे शब्द तर कटाक्षाने टाळावेत. व्हॉट्सअॅपवर मजकूर पुढे पाठवला जातो, तेव्हा तो मूळ कोणत्या दिवशी लिहिला होता हे वाचणाऱ्याला समजत नाही, आणि आपले 'उद्या' नाटक होऊन गेल्यावरही फिरत राहते. नाटक पहाटे संपणार असेल, तर परतीच्या वाहनाची काय सोय आहे, हेही एका वाक्यात लिहावे. बाहेरगावच्या माणसाचे येणे पुष्कळदा त्याच एका गोष्टीवर अडते.

यजमानांची आणि देणगीदारांची नावे वगळा, असे मात्र मी सुचवणार नाही. आपल्याला त्याच गावात राहायचे आहे. ती सगळी नावे मजकुराच्या शेवटी, मानाच्या क्रमाने, सावकाश द्यावीत. ज्यांची नावे आहेत ते मजकूर उघडून ती वाचतातच.

प्रश्न : आमचा महिला बचत गट सोलां (आमसुले) आणि फणसाची साठे (फणसपोळी) विकतो. एक्सवर लिहिताना मराठी मजकूर लगेच मर्यादेबाहेर जातो. रोमन लिपीत लिहिल्यास जागा वाचेल का?
— एक वाचक भगिनी, सत्तरी

उत्तर : वाचणार नाही. २००६ साली ट्विटर सुरू झाले तेव्हा एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावत, आणि त्यांतून नावापुरती जागा सोडून १४० ची मर्यादा ठरली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती २८० झाली, आणि नाव बदलून एक्स झाल्यानंतरही पैसे न भरणाऱ्यांसाठी ती तेवढीच आहे. तेथे काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त हे सारे वेगवेगळे मोजले जातात. त्यामुळे डोळ्यांना दोनच अक्षरे वाटणारे 'फोंडा' पाच भरते. पण रोमन लिपीतही ते पाचच भरते. 'पणजी' देवनागरीत चार आणि रोमनमध्ये सहा, कारण देवनागरीत आपण 'अ' हा स्वर वेगळा लिहीत नाही. एसएमएसचा हिशोब मात्र वेगळा आहे : देवनागरीचे एक अक्षर जरी आले, तरी १६० ऐवजी ७० चीच जागा मिळते. एक्सवर कोणताही दुवा, तो कितीही लांब असो, २३ अक्षरांचाच धरला जातो, म्हणून तो आखूड करण्यात वेळ घालवू नये.

जागा खरी जाते ती 'शुद्ध, घरगुती, पारंपरिक, अस्सल चवीची' या विशेषणांत. ती प्रत्येक विक्रेता लिहितो, म्हणून वाचक ती वाचत नाही. त्याऐवजी 'यंदाची सोलां, रसात बुडवून उन्हात सुकवलेली, पाव किलोचे पाकीट, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात' एवढे लिहिले, तर ते मर्यादेत सहज बसते. किंमतही त्यातच लिहावी. 'दरासाठी इनबॉक्स करा' ही पद्धत मला अजिबात पटत नाही. दर विचारायला लाजणारे गिऱ्हाईक दुसरीकडे जाते.

प्रश्न : मराठी हॅशटॅग चालतात का, आणि किती द्यावेत?
— एक विद्यार्थी, मडगाव

उत्तर : चालतात. हॅशटॅग पहिल्या मोकळ्या जागेशी तुटतो, आणि रोमनप्रमाणे मोठे अक्षर वापरून शब्द वेगळे दाखवण्याची सोय देवनागरीत नाही, म्हणून दोन शब्दांमध्ये अधोरेषा घालून #मराठी_नाटक असे लिहावे. जोडचिन्ह म्हणजे आडवी लहान रेघ वापरल्यास हॅशटॅग तिथेच थांबतो. एका मजकुराला दोन पुरेत : एक गावाचा आणि एक विषयाचा.