जमिनीवर बसून शिकवताना : वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रं बरीच आली. पाच निवडली आहेत, तीन शिक्षकांची आणि दोन आयांची. मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते चौथीला शिकवते, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येणार. शहरातल्यांनी चिंचोक्यांच्या जागी बाटल्यांची झाकणं घ्यावीत, काही बिघडत नाही.

प्रश्न : बाई, मी यंदाच शिक्षणसेवक म्हणून रुजू झालो. शाळा दोनशिक्षकी. माझ्याकडे पहिली-दुसरी, आणि सर केंद्रावर किंवा तालुक्याला गेले की चारही वर्ग माझ्याकडेच. एका वर्गाला शिकवायला लागलो की बाकीचे तीन गोंधळ घालतात. प्रशिक्षणात जे उपक्रम सांगतात ते एका वर्गाला धरून असतात. काय करू? – एक शिक्षणसेवक, जालना जिल्हा

उत्तर : चार वर्गांची चार वेळापत्रकं एकट्यानं चालवायला जाऊ नका, घसा बसेल आणि मुलांचा दिवस वाया जाईल. विषय एकच घ्या, काम मात्र ज्याच्या त्याच्या इयत्तेचं द्या.

तुमच्या शाळेत रोज होणारी एक गोष्ट सांगते. पोषण आहाराचा तांदूळ. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल असं प्रमाण ठरलेलं आहे. ते मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलंय, पुसायचं नाही. हजेरी घेताना पहिलीची मुलं एकेका नावाला एकेक चिंचोका डब्यात टाकतात. दुसरीची मुलं डबा जमिनीवर ओतून दहा-दहाचे ढीग लावतात आणि आकडा फळ्यावर लिहितात. समजा ३४ आला, तर तिसरीची मुलं तांदूळ काढतात, ३४०० ग्रॅम. चौथीची त्याचे ३ किलो ४०० ग्रॅम करतात, डाळ ६८० ग्रॅम, तेल १७० ग्रॅम असा हिशेब मांडतात आणि स्वयंपाकाच्या मावशींजवळ काट्यापाशी जाऊन उभी राहतात. पहिलीतल्या पोराचा चिंचोका चुकला तर चौथीचा तांदूळ चुकतो. त्यामुळे मोठी मुलं लहानांच्या मोजण्याकडे डोळ्यांत तेल घालून बघतात आणि गोंधळाला फुरसत राहत नाही.

आमच्याकडे हे चालू असताना चौथीतल्या एकानं विचारलं, ‘‘बाई, पातेल्याचं वजन कुणी वजा केलं?’’ कुणीच केलं नव्हतं. मग त्यानं रिकामं पातेलं काट्यावर ठेवलं आणि त्याचं वजन खडूनं पातेल्याच्या बाहेरून लिहून टाकलं. रोज घासताना ते पुसलं जायचं, रोज तो पुन्हा लिहायचा. धड्यातलं ‘निव्वळ वजन’ त्या वर्गाला मला शिकवावं लागलं नाही.

दिवसाची घडी अशी बसवा: सुरुवातीला सगळे एकत्र, मग वर्गवार गट, आणि शेवटी पुन्हा एकत्र बसून कुणी काय केलं ते सांगायचं. हा शेवटचा भाग घंटा झाली म्हणून उडवू नका. आणि एक कळकळीनं सांगते, चौथीतल्या हुशार मुलीला तुमची मदतनीस करू नका. तिनं लहानांना गोष्ट वाचून दाखवावी, त्यात तिचंही वाचन सुधारतं. पण पाट्या तपासणं, पाढे म्हणून घेणं हे तिचं काम नाही. ती शिकायला आलीय.

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत आहे. पाढे तोंडपाठ, पण ‘सत्तावन्न’ म्हटलं की ७५ लिहिते. ‘एकोणसाठ’ म्हटलं तर ६९. शाळेत सांगतात, तिचं लक्ष नसतं. – एक आई, कोल्हापूर

उत्तर : तिचं लक्ष आहे, म्हणून तर चुकतंय! ती ऐकते त्या क्रमानं लिहिते. सत्तावन्नमध्ये सात आधी ऐकू येतात, पन्नास नंतर. एकोणसाठमध्ये साठ ऐकू येतात, पण लिहायचे असतात पन्नास आणि नऊ. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत असे आठ आकडे आहेत, आणि नव्याण्णवला तो नियमही मोडतो. कानडी किंवा तेलुगू बोलणाऱ्या मुलाला हा त्रास नाही, तिकडे वीस आधी आणि एक नंतर येतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असं वाचन दिलं तेव्हा केवढा वाद झाला होता, आठवत असेल. माझं मत विचाराल तर तो पर्याय पायरी म्हणून चांगला होता. पण बाजारात, घरात, एसटीत मुलीला ‘त्रेसष्ट’च ऐकू येणार, तेव्हा दोन्ही यायला हवं.

घरी हे करा. खराट्याच्या काड्या बोटभर लांबीच्या तोडून घ्या, शंभर तरी हव्यात. सायकलच्या जुन्या ट्यूबचे बारीक गोल काप काढले की रबरं तयार. पंक्चरवाला ट्यूब फुकट देतो. दहा काड्यांचा गठ्ठा मुलीनंच बांधायचा, तुम्ही बांधून द्यायचा नाही. दहा म्हणजे किती, हे तिच्या बोटांना कळलं पाहिजे. मग फरशीवर खडूनं दोन घरं आखा: डावीकडे गठ्ठ्यांचं, उजवीकडे सुट्ट्यांचं. तुम्ही ‘सत्तावन्न’ म्हणा. तिनं आधी मांडायचं, बघायचं, मगच लिहायचं. ‘सात’ ऐकून हात सुट्ट्या काड्यांकडे जाईल, जाऊ द्या. मग पाच गठ्ठे डावीकडे येतील. आता लिहिताना ती डोळ्यांनी वाचते, कानांनी नाही. एकोणसाठसाठी साठचे सहा गठ्ठे मांडायला सांगा आणि त्यातली एक काडी काढायला लावा. एक काडी काढायची तर गठ्ठा सोडावा लागतो. तो सोडताना तिच्या चेहऱ्याकडे बघा.

वर्गात हा खेळ तिघांचा होतो: एक बोलतो, दुसरा मांडतो, तिसरा लिहितो. चूक झाली की मांडणारा ती पकडतो, बाईंना तोंड उघडावं लागत नाही. पाढ्यांची घाई नको. ते पाठ आहेत, राहतील.

प्रश्न : आमचा मुलगा दुसरीत आहे. दिवाळी झाली तरी वही निम्मी कोरी. विचारलं तर म्हणतो, आज बातम्या केल्या, आज पानं गोळा केली. जावेचा मुलगा इंग्रजी शाळेत आहे, त्याला रोज पानभर गृहपाठ असतो. आमच्या मुलाचं नुकसान तर होत नाही ना? – एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे आणि ती शाळेत जाऊन बोलून दाखवा. पण त्याआधी त्याला विचारा, बातम्या म्हणजे काय केलं?

मी करते ते सांगते. सकाळी एका मुलानं घरची बातमी सांगायची, मी ती त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहायची. ‘आमची शेळी व्याली. दोन करडं झाली. एक पांढरं आहे.’ मग सगळ्यांनी वाचायचं, पांढऱ्या करडाखाली रेघ मारायची, ‘करडं’ आणि ‘करडू’ यांत काय फरक दिसतो ते शोधायचं. आठवडाभरात अशा पाच-सहा बातम्या होतात, त्यातली आवडती शनिवारी वहीत उतरते, स्वतःच्या दोन वाक्यांची भर घालून. म्हणजे आठवड्याला एखादं पान. पण ते पान त्याचं असतं. पानभर सुंदर अक्षरात उतरवून काढलेला मजकूर वाचायला सांगा, पुष्कळ मुलांना वाचता येत नाही. मी असली मुलं घेऊन बसले आहे, म्हणून एवढं ठामपणे लिहिते.

तुम्हाला पडताळून बघायचं असेल तर वही बाजूला ठेवा. किराण्याच्या पुडक्याचा छापील कागद द्या, वाचू दे. शेजारच्या काकूंना चार ओळींची चिठ्ठी लिहू दे. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी आकडेमोड करता यावी, असं केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानानं २०२१ मध्ये ठरवलंय. त्याच्या वाटेवर तो आहे का, ते या चिठ्ठीत दिसेल. नसेल तर पानं गोळा करण्यातून तो काय शिकतोय, हे बाईंना जरूर विचारा. प्रत्येक उपक्रम चांगलाच असतो असं नाही. आईबापांनी रात्री जागून केलेला थर्माकोलचा ज्वालामुखी आणि त्याच्याशेजारी उभ्या केलेल्या मुलाचा फोटो, याला मी उपक्रम म्हणत नाही. त्यात मुलाचा हात कुठेच नसतो.

प्रश्न : दसरा-दिवाळीनंतर माझा निम्मा वर्ग ऊसतोडीला जातो. गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात तेव्हा वाचनही विसरलेले असतात. वर्षभर केलेलं सगळं पाण्यात जातं. कंटाळा नाही आला, पण उमेद टिकत नाही. – एक शिक्षिका, पाथर्डी तालुका

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण हाच माझा वर्ग आहे. हंगामी वसतिगृहासाठी किंवा आजी-आजोबांकडे मूल ठेवण्यासाठी तुम्ही घरोघर जाऊन बोलला असालच. जी जाणारच आहेत त्यांच्यासोबत शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. हे आपलं नेहमीचं काम. पुढचं वर्गातलं.

जाणाऱ्या प्रत्येक मुलाला मी एक वही शिवून देते, पाठकोऱ्या कागदांची. रोज एक ओळ किंवा एक चित्र. कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीवर, शिकवायला कुणी नसतं, लहान भावंडं सांभाळायची असतात, वह्या भिजतात, हरवतात. तरी काही परत येतात. आणि आल्या की पहिले पंधरा दिवस तेच आमचं पाठ्यपुस्तक.

तिसरीतल्या एका मुलीची वही हरवली होती. तिला म्हटलं, मग जमिनीवर काढ. तिनं वर्गाच्या फरशीवर खडूनं कोप्यांची अख्खी रांग काढली, प्रत्येक कोपीत किती माणसं ते आकडे घातले, बैलं कुठे बांधायची, गाड्या कुठे उभ्या राहायच्या, पाणी कुठून आणायचं, सगळं. ‘‘कोपीपासून पाणी चारशे पावलं.’’ चारशे म्हणजे किती लांब, यावर गावात राहिलेली मुलं वाद घालायला लागली. मग आम्ही शाळेच्या फाटकापासून चालायला सुरुवात केली, तिच्याच पावलांनी, सगळे मोठ्यानं मोजत. वेस ओलांडली, पारही मागे पडला, तेव्हा चारशे झाले. ‘‘आणि येताना डोक्यावर हंडा,’’ ती म्हणाली. परत येऊन तिनं सांगितलेली वाक्यं मी फळ्यावर लिहिली. ‘विसरलेली’ मुलगी ती वाक्यं अडखळत, पण स्वतः वाचत होती, कारण पुढचा शब्द काय येणार ते तिला ठाऊक होतं. तिथून पुस्तकाकडे यायला फार दिवस लागत नाहीत.

एका गाडीत किती मोळ्या बसतात, मुकादमाकडून किती उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली आणि किती फिटली, हे या मुलांना माहीत असतं. वजाबाकी तिथूनच सुरू करा. मात्र उचलीचा आकडा कुणाच्या घरचा घेऊ नका, मनानं घ्या. मुलांना घरचं कर्ज वर्गात उघडं पडलेलं आवडत नाही.

उमेदीचं म्हणाल तर मला बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा आधार वाटतो. १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला त्यांनी घरांच्या अंगणात बालवाडी नेली, पुढे कोसबाडला अनुताईंनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा चालवली. मूल शाळेत येत नाही म्हणून त्या थांबल्या नाहीत. आपल्याला उसाच्या फडात जाता येत नसेल, पण फड वर्गात आणता येतो.

प्रश्न : पहिलीतला एक मुलगा जूनपासून एक शब्द बोललेला नाही. बंजारा तांड्यावरून येतो. गाणी, खेळ, बाहुल्या, सगळं करून पाहिलं. – एक शिक्षक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : तांड्यावर तो बोलतो का, हे आधी आईला विचारा. तिथं बडबड करत असेल तर त्याची अडचण बोलण्याची नाही, तुमच्या भाषेची आहे. घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोली आणि शाळेत पुस्तकी मराठी, अशा वेळी हुशार मूल गप्प राहून ऐकत असतं. त्याला बोलतं करू नका, तुम्हीच त्याच्याकडून शिका. पाणी, भाकरी, चूल, बकरी अशी चित्रं मांडा आणि तांड्यावरच्या चौथीतल्या मुलाला प्रत्येकाचं घरचं नाव विचारा. देवनागरीत फळ्यावर लिहा आणि मोठ्यानं वाचा. तुमचा उच्चार चुकणारच. तो दुरुस्त करायला सगळ्यात आधी कोण तोंड उघडतं ते बघा. तोवर त्याला घंटा वाजवायचं, खडू वाटायचं काम द्या, म्हणजे सगळ्यांच्या नजरेत राहील पण बोलायची सक्ती नसेल.

घरीही बोलत नसेल, किंवा हाक मारल्यावर तुमच्या ओठांकडेच बघत असेल, तर थांबू नका. त्याचे कान तपासायला हवेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांच्या यादीत त्याचं नाव वर घाला. पथकाला उशीर असेल तर आई-वडिलांना सोबत घेऊन ग्रामीण रुग्णालय गाठा, आणि जाताना तुमच्या नोंदी लेखी न्या: कोणत्या आवाजाला वळतो, कोणत्या बाजूनं हाक मारली तर वळत नाही.