काचेपलीकडची लेक

प्रश्न: बत्तिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, वजन 1400 ग्रॅम. बारा दिवस पेटीत आहे. मला दूध चमचाभरच येतं. मी तिथं बसून काय उपयोगाची?
– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: अगं, चमचाभर म्हणजे थोडं नव्हे! माझा लेक 31 आठवड्यांचा. नळीतनं दोन-दोन मिली जायचं, त्यातला थेंब वाटीला चिकटला तरी जीव तुटायचा. दर दोन-तीन तासांनी दूध काढत जा, रात्रीसुद्धा. आईच्या दुधानं आतड्याच्या गंभीर आजाराचा धोका कमी होतो.

डॉक्टरांना ‘कांगारू’बद्दल विचार. लंगोट-टोपीतलं बाळ आपल्या उघड्या छातीशी, वरून शाल. कोलंबियातल्या बोगोटात 1978च्या सुमारास ही पद्धत सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 8 ते 24 तास सांगते. पहिल्यांदा मी मॉनिटरकडंच बघत बसले, लेक मात्र गाढ झोपला! नवऱ्यालाही बसव, लाजू दे.

बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून चार आठवड्यांच्या आत करून घे. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, शेजारच्या पेटीच्या आजीकडनं कळलं.

आणि घरी गेल्यावर कुणी बाळगुटी उगाळायला सहाण काढली, तर ती सरळ माळ्यावर टाक.