शाळू परवडतो, पण चैत्रात घेतला तर

प्रश्न : आम्ही परभणीत चौघे राहतो. ‘आपल्याकडचंच खा’ असं सगळे सांगतात. पण दुकानात चांगली ज्वारी गव्हापेक्षा महाग आणि करडीचं तेल तर विचारूच नका. शिवाय भाकरी थापताना चिरते. हे जमवायचं कसं?

उत्तर : किलो-दोन किलोनं घेतलं तर महागच पडणार. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, फाल्गुन-चैत्रात खळ्यावर येतो, तेव्हा पोत्यानं घ्या. दिवसातून एकाच जेवणाला माणशी दोन भाकरी आणि भाकरीला ८० ग्रॅम पीठ धरलं, तर चौघांना महिन्याला १९-२० किलो, वर्षाला सव्वादोन-अडीच क्विंटल ज्वारी लागते. एवढे पैसे एकदम निघत नसतील तर शेजारी मिळून घ्या. खरिपाची ज्वारी स्वस्त असते, पण काढणीत पाऊस लागला की दाण्यावर बुरशी येते. तो काळा दाणा फुकटही नको.

खरी मेख साठवणीत आहे. दोन-तीन कडक उन्हं द्या. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. मग रात्रभर गार होऊ द्या. गरम धान्य कोठीत भरलं की आत घाम धरतो आणि सोंडे होतात. कडुलिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवूनच घाला, ओलसर पाल्यानं उलट बुरशी लागते. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मात्र राहत्या घरात अजिबात नकोत; त्यांतून सुटणारा वायू जीवघेणा असतो.

भाकरी चिरते ती बहुधा जुन्या पिठानं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो आणि शिळ्या पिठाची विरी, म्हणजे धरून राहण्याचा गुण, जाते. आठवड्यापुरतं पाच किलोच दळा. तरीही चिरत असेल तर उकळतं पाणी घालून पीठ झाका, हाताला सोसवेल इतकं निवल्यावर भरपूर मळा.

करडीचं म्हणाल तर साधारण चार किलोला घाण्यावर जेमतेम लिटरभर तेल पडतं. त्यात मजुरी मिळवा, म्हणजे ते स्वस्त का नाही हे कळेल. सगळा स्वयंपाक त्यात करायचा हट्ट नको. कच्चं तेल चटणीवर, भाकरीवर घ्या. तळणाला वापरू नका, लवकर खराब होतं.

प्रश्न : तूर घेऊन डाळ घरीच करावी का?

उत्तर : दहा किलो तुरीची सात किलोच्या आसपास डाळ होते, चुनी-भुसा वेगळा. घरी जनावर असेल आणि भरडायला जातं असेल तर जरूर करा. नाहीतर गावातल्या डाळमिलमधून बिनपॉलिशची घ्या.