वडिलांची कागदपत्रे: त्यांच्या हयातीत आणि त्यांच्याच निर्णयाने

प्रश्न : माझे वडील ७८ वर्षांचे असून जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आहेत. आई ७२ वर्षांची आहे. गावी राहते घर आणि वडिलांनी स्वतः घेतलेली दीड एकर जमीन, साताऱ्यात एक सदनिका, बँकेतील निवृत्तिवेतनाचे खाते, टपाल कार्यालयात आणि दोन पतसंस्थांमध्ये ठेवी, असे सगळे आहे. सदनिकेसाठी गृहनिर्माण संस्थेत आणि बहुतेक ठेवींवर माझे नाव नॉमिनी म्हणून लावलेले असल्यामुळे आता काही करायचे राहिलेले नाही, असे वडील म्हणतात. मृत्युपत्राचा विषय काढला की ते उठून जातात. माझी विवाहित बहीण कोल्हापूरला असते. मी काय करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या वडिलांचा समज अतिशय सार्वत्रिक आहे आणि तो आधी दूर व्हायला हवा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक किंवा संस्था ज्याच्या हाती रक्कम किंवा कारभार सोपवते तो नॉमिनी. त्या रकमेवर अंतिम हक्क कोणाचा, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. शेअर आणि रोखे यांच्या बाबतीतही नॉमिनी वारसांना डावलू शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला. गृहनिर्माण संस्थांपुरते बोलायचे तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार सभासदाच्या मृत्यूनंतर नॉमिनीला केवळ तात्पुरते सभासदत्व मिळते, तेही कायदेशीर वारसाची नोंद होईपर्यंत. म्हणजे उद्या मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, आपण आणि बहीण असे तिघे समान हिस्सेदार व्हाल (आजी हयात नाहीत असे मी गृहीत धरतो), मग कागदावर नॉमिनी म्हणून कोणाचेही नाव असो.

म्हणूनच हा विषय आपण एकट्याने काढू नये. बहीण पहिल्या दिवसापासून सोबत असावी. आपल्याकडे वडील गेल्यानंतर, बारावे-तेरावे होते न होते तोच, बहिणीसमोर हक्कसोडपत्र ठेवले जाते. दुःखात असलेली बहीण सही करते किंवा करत नाही, आणि दोन्ही प्रकारे माहेर तुटते. वडिलांना जमीन किंवा घर एकाच अपत्याला द्यायचे असेल, तर तो त्यांचा अधिकार आहे. पण तो निर्णय त्यांनी स्वतः, कारणासह, मृत्युपत्रात लिहिला पाहिजे. तो त्यांच्या माघारी बहिणीकडून मागून घेण्याची वेळ मुलावर येऊ नये, असे मला कळकळीने वाटते. वडिलांशी बोलताना 'आपल्यानंतर आम्हाला काय' या दिशेने जाऊच नका. 'तुम्ही आधी गेलात तर आईला बँकेत, संस्थेत, तलाठी कार्यालयात एकटीला काय काय करावे लागेल' हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा. आयुष्यभर शाळेचे दप्तर चोख ठेवलेल्या माणसाला तो पटेल.

आईच्या कागदांपासूनच सुरुवात करावी, कारण खरी अडवणूक तेथे होते. त्या पिढीतील अनेक स्त्रियांचे नाव लग्नात बदलले. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे आणि आधारवर तिसरेच, अशी स्थिती असते. निवृत्तिवेतनाच्या आदेशात, म्हणजे पीपीओमध्ये, आईचे नाव आणि जन्मतारीख आधार व पॅनप्रमाणेच आहे का, हे आजच तपासा. वडिलांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन याच नोंदीवर सुरू होते, आणि ८० वर्षांनंतरची वाढही याच जन्मतारखेवर मोजली जाते. वडील हयात असताना त्यांच्या अर्जावर होणारी दुरुस्ती पुढे विधवा आईसाठी प्रतिज्ञापत्रे, राजपत्रातील नावबदल आणि असंख्य हेलपाटे होऊन बसते. सातबाऱ्यावर वडिलांचे घरगुती नाव लागले असेल, तर तेही आधारशी जुळवून घ्यावे. अशा लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. घराचा ग्रामपंचायतीतील नमुना आठचा उतारा, म्हणजे घराच्या कर आकारणीची नोंद, काढून ठेवावा. बँकेचे निवृत्तिवेतन खाते दोघांच्या नावे, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेली व्यक्ती' या पद्धतीने चालणारे करून घेतले, तर घरखर्च एक दिवसही थांबत नाही.

पतसंस्थांकडे विशेष लक्ष द्यावे. बँकेतील ठेवींना, सहकारी बँकांसह, प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवींना ते नसते. शिवाय विसरलेल्या बँक ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये सुरू केलेल्या 'उद्गम' संकेतस्थळावर पतसंस्थेची पावती सापडणार नाही. कपाटातील पावती हाच तेथे पुरावा असतो. मुदत संपेल तशा या ठेवी बँकेत किंवा टपाल कार्यालयात हलवणे मला शहाणपणाचे वाटते, पण निर्णय वडिलांचा.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर, स्वतःच्या हस्ताक्षरात, मराठीत लिहिले तरी चालते. दोन साक्षीदारांच्या देखत वडिलांनी सही करावी आणि मग त्या दोघांनी त्यांच्यासमोर सही करावी, हे मात्र अनिवार्य आहे. ज्यांना मालमत्ता मिळणार आहे ते साक्षीदार नसावेत, आणि साक्षीदार वयाने वडिलांपेक्षा बरेच लहान असावेत, कारण वाद झालाच तर न्यायालयात उभे राहायला त्यांपैकी एक तरी हयात हवा. दुय्यम निबंधकांकडे नोंदणी सक्तीची नाही, पण या वयात ती करावी, आणि त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडावे. 'वर उल्लेख न केलेली मालमत्ता' कोणाला, हे एक वाक्य विसरू नये.

कोणी बक्षीसपत्राचा, म्हणजे हयातीतच मालमत्ता मुलांच्या नावे करून देण्याचा, सल्ला देईल. महाराष्ट्रात राहते घर आणि शेतजमीन मुलांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे, हे खरे. तरीही माझे मत स्पष्ट आहे: आई-वडील दोघे हयात असताना राहते घर बक्षीस देऊ नये. मृत्युपत्र कधीही बदलता येते; बक्षीसपत्र सहजासहजी मागे घेता येत नाही.

प्रश्न : आईला विस्मरणाचा आजार सुरू झाला आहे. भाऊ म्हणतो, तिच्याकडून मुखत्यारपत्र करून घेतले की झाले. हे पुरेसे आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली किंवा त्याचे निधन झाले की मुखत्यारपत्र संपते, म्हणजे ज्या काळासाठी आपल्याला ते हवे आहे त्याच काळात ते निरुपयोगी ठरते. आजार पुढे सरकल्यावर आईच्या मालमत्तेचा व्यवहार करायचा झाल्यास त्यांच्या वतीने निर्णय घेणारा कायदेशीर पालक नेमण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. आज मात्र डॉक्टरांच्या मते त्यांची समज चांगली असेल, तर विलंब करू नका. ज्या वेळी मन स्थिर आणि समजूत शाबूत आहे अशा वेळी केलेले मृत्युपत्र कायद्याने वैध असते. मज्जाविकारतज्ज्ञांकडून त्याच दिवसाचे प्रमाणपत्र घ्यावे, मजकूर आईला वाचून दाखवावा, आणि त्या वेळी आपण भावंडांनी खोलीबाहेर थांबावे.