‘रॅम्बलर’ गुलाबाला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा: इंग्लंडमधल्या बागांविषयीच्या लेखात जुन्या वळणाच्या गुलाबी ‘रॅम्बलर’ गुलाबांचे वर्णन आहे, मुख्यतः ‘डॉरथी पर्किन्स’ या जातीचे. त्याला ‘वेलगुलाब’ म्हटले तर चालेल का? आणि मग ‘क्लायंबर’ला काय म्हणायचे?

नुसत्या वर्णनात ‘वेलगुलाब’ खुशाल लिहा. पण लागवड किंवा छाटणी सांगायची असेल तर दोघांना एकच शब्द वापरू नका. एकाची छाटणी दुसऱ्यावर केली तर पुढचा अख्खा बहार हातचा जातो.

क्लायंबरच्या फांद्या जाड आणि ताठ असतात, फुले मोठी आणि थोडी, आणि बहुतेक जाती हंगामात पुन्हा पुन्हा फुलतात. रॅम्बलर बुडातून लांब, लवचीक काड्या सोडतो. त्याची फुले लहान पण झुपक्याझुपक्यांनी येतात, आणि वर्षातून एकदाच. ‘डॉरथी पर्किन्स’ तिकडे जुलैच्या आसपास तीन-चार आठवडे गुलाबी फुलांनी झाकून जातो. मग पुढल्या वर्षापर्यंत नुसती पाने.

इथे ‘फांदी’पेक्षा ‘काडी’ हा शब्द जास्त नेमका आहे. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांच्या तोंडी तो रोजचा आहे, आणि त्याच्यासोबत ‘बगलफूट’ही, म्हणजे काडीच्या बाजूला येणारी फूट, तयार मिळते. रॅम्बलरचे सारे गणित या दोन शब्दांत बसते: यंदा बुडातून आलेली काडी यंदा फुलत नाही. ती तीन-चार मीटर वाढते, पुढच्या वर्षी तिच्यावर बगलफुटी येतात आणि त्या बगलफुटींच्या टोकाला झुपके लागतात. म्हणून छाटणी बहार सरल्याबरोबर करायची. फुलून गेलेल्या काड्या अगदी बुडाशी कापायच्या आणि त्यांच्या जागी यंदाच्या नव्या काड्या बांधायच्या. नव्या काड्या कमी असतील तर जुन्यांपैकी दोन-तीन राखायच्या आणि त्यांच्या बगलफुटी दोन-तीन डोळ्यांवर (नवी फूट निघते त्या जागांवर) आखूड करायच्या. क्लायंबरची मुख्य छाटणी मात्र तिकडे हिवाळ्यात होते. आपल्याकडे गुलाबाची छाटणी म्हटली की डोळ्यांपुढे ऑक्टोबर येतो. ‘वेलगुलाब’ एवढेच वाचणारा माणूस त्या महिन्यात कात्री चालवील आणि फुलायला तयार झालेली काडीच उडवून टाकील.

यासाठी मी ‘एकबहारी वेलगुलाब’ सुचवेन. फळबागेच्या हंगामांना मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार म्हणणाऱ्या वाचकाला ‘एकबहारी’ समजावून सांगावे लागत नाही, आणि छाटणी कधी करायची याचे अर्धे उत्तर नावातच येते. क्लायंबरला ‘बहुबहारी वेलगुलाब’ म्हणता येईल. ही विभागणी सगळीकडे लागू पडत नाही, हे खरे. ‘डॉ. डब्ल्यू. व्हॅन फ्लीट’ हा मोठ्या फुलांचा क्लायंबर असूनही एकदाच फुलतो. त्याच्याच एका फांदीत आपोआप झालेल्या बदलातून ‘न्यू डॉन’ मिळाला आणि तो पुन्हा पुन्हा फुलतो. १९३१ साली अमेरिकेतले वनस्पतींचे पहिले पेटंट त्यालाच मिळाले. म्हणून लेखात पहिल्यांदा येईल तिथे ‘रॅम्बलर, म्हणजे एकबहारी वेलगुलाब’ असे लिहावे आणि पुढे दोन्हींपैकी काहीही वापरावे.

‘भटका गुलाब’ हे शब्दशः भाषांतर मला पटत नाही. त्यातून झाड कुठेही आपोआप उगवते असे वाटते. ‘आपोआप चढणारा’ हेही चूक. गुलाबाला ताणे नसतात आणि तो आधाराला वेढेही घालत नाही. काट्यांच्या आकड्यांनी जेमतेम अडकतो. त्याला बांधावेच लागते. तेही शक्यतो आडवे: काडी उभी सोडली तर शेंड्याचे डोळे आधी फुटतात आणि फुले फक्त वर येतात. आडवी वळवली की लांबीभर बगलफुटी निघतात.

‘मिल्ड्यू’साठी मोघम ‘बुरशी’ लिहू नका; इथे ‘भुरी’ हाच शब्द हवा. ‘डॉरथी पर्किन्स’ भुरीसाठी बदनाम आहे. कळ्यांच्या देठांवर आधी पांढरी पूड दिसते, मग कोवळी पाने मुरडतात. भिंतीलगत हा त्रास वाढतो, कारण तिथे पावसाचे पाणी मुळाशी पोचत नाही आणि हवाही कोंडते. म्हणून हा गुलाब कमानीवर, मांडवावर किंवा जाळीच्या कुंपणावर शोभतो आणि टिकतोही. भिंतीपाशी लावायचाच असेल तर बुंधा भिंतीपासून निदान ४५ सें.मी. लांब ठेवून मुळाशी भरपूर पाणी द्यावे. मूळ मजकुरात ‘भिंतीवर चढवा’ असे असेल तर भाषांतरकाराने तिथे टीप टाकायला हरकत नाही.

‘ओल्ड-फॅशन्ड’साठी तुम्ही योजलेला ‘जुन्या वळणाचा’ हा शब्द चांगला आहे. ‘जुना गुलाब’ करू नका. गुलाबप्रेमींच्या बोलीत १८६७ पूर्वीपासून असलेल्या वर्गांनाच ‘जुने गुलाब’ म्हणतात. ‘डॉरथी पर्किन्स’ अमेरिकेतल्या जॅक्सन अँड पर्किन्सने १९०१ मध्ये बाजारात आणला. त्याच्या आईबापांपैकी एक पूर्व आशियातला रानगुलाब, रोझा विचुराना; लवचीक काड्या आणि चकचकीत पाने त्याच्याकडून आली.

शेवटी ऋतूचे. इंग्रजीतला ‘समर’ जून ते ऑगस्टचा. ‘उन्हाळ्यात फुलतो’ असे लिहिले तर आपला वाचक एप्रिल-मे धरणार. ‘जून-जुलैत फुलतो’ असे थेट महिनेच द्या.