बुंदीची दुपार कोण सांभाळतं?

प्रिय मावशी,
जुलैच्या जोरदार पावसात आमच्या सोसायटीमागच्या गटाराजवळ एक पिल्लू सापडलं. भटक्या कुत्र्यांचं काम करणाऱ्या एक ताई म्हणाल्या, "दोन आठवडे सांभाळ, तोवर मी घर बघते." त्याला पाच आठवडे झाले. बुंदी (नाव मुलाने ठेवलं, तो पाचवीत आहे) आता अडीच-तीन महिन्यांची असेल. लसीचा पहिला डोस झालाय. दिवसभर नुसता धिंगाणा! मोजे फाडते, पायांना चावते, सासूबाईंच्या निऱ्या ओढते, रात्री नऊला घरभर सुसाट पळत सुटते. मुलाच्या हातावर दातांचे ओरखडे आहेत, एकदा थोडं रक्तही आलं. मी आणि नवरा सकाळी जातो ते सहालाच येतो. सासूबाईंना कुत्री आवडत नाहीत, पहिल्या दिवशी त्या देवघराचं दार लावून बसल्या होत्या. आता दुपारची दूधपोळी त्याच घालतात. नवरा म्हणतो, "ठेवायची तर ठेव, मला त्यात ओढू नकोस." सोसायटीचे अध्यक्ष म्हणतात, कुत्रा चालणार नाही. ओझरच्या एका कुटुंबाने तिला मागितलंय, घराला अंगण आहे. मुलगा रडून जेवत नाही. दिली तर तिला टाकून दिल्यासारखं होईल का? आणि ठेवली तर झेपेल का?
– एक आई, नाशिक

अगं,

आधी मुलाला डॉक्टरांकडे ने, आजच. बाकीचं पत्र त्यानंतर वाचलंस तरी चालेल. पिल्लू एवढंसं असलं तरी त्याला रेबीज असू शकतो, आणि बुंदी कुठून आली, तिच्या आईला कोण चावलं होतं, हे कुणालाच ठाऊक नाही. रक्त आलं होतं हे डॉक्टरांना नक्की सांग, कारण तशा वेळी लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं. मध्ये काही दिवस गेले असले तरी जायचंच. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते. ज्या तारखा देतील त्या सगळ्या पाळ. यापुढे दात लागले की पहिली गोष्ट म्हणजे साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण 15 मिनिटं. हळद नाही, चुना नाही.

आता तुझा प्रश्न. मुलगा रडतोय, नवरा अंग काढून घेतोय, अध्यक्ष नियम सांगताहेत, तुझा जीव तुटतोय, हे सगळं पत्रात आलंय. पण सकाळपासून संध्याकाळी सहापर्यंत बुंदीला बघणाऱ्या सासूबाईंना आता काय वाटतं, त्याबद्दल एक ओळही नाही. त्या कुत्र्याला खाऊ घालतात एवढं तू पाहिलंस आणि त्यांचा होकार गृहीत धरलास. भुकेल्या जिवाला पोळी घालणं वेगळं आणि रोजची दुपार त्याच्या नावे करणं वेगळं. त्यांच्या पिढीतल्या बायका पहिली गोष्ट न बोलता करतात, आणि दुसरी त्यांच्या गळ्यात पडते तेव्हाही बोलत नाहीत.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. बुंदी राहणार की जाणार, हे सासूबाईंना ठरवू दे. त्यांना विचार, पण मुलगा समोर नसताना. तो डोळ्यांत पाणी आणून उभा असेल तर कुठलीही आजी हो म्हणेल. नवराही नको. दोघी चहा घेत असताना विचार, आणि "नाही म्हणालात तरी ओझरचं घर तयार आहे, तिचं काही वाईट होणार नाही" हे आधी सांग. नाहीतर नकार दिला की एका मुक्या जिवाला घराबाहेर काढल्याचं पाप आपल्याला लागेल, असंच त्यांना वाटत राहील.

विचारताना खरं चित्र मांड. आपल्याकडची गावठी कुत्री नीट सांभाळली तर 12 ते 15 वर्षं सहज जगतात. तुझा मुलगा कॉलेज संपवून बाहेर पडेल तेव्हाही बुंदी दारात असेल, आणि सासूबाई तेव्हा आणखी थकलेल्या असतील. त्यांचे गुडघे कसे आहेत, तोल कसा आहे, हे तुला माहीत, मला नाही. निऱ्या ओढणारं पिल्लू ही म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत गंमत नसते. पाय अडकून पडल्या तर खुब्याचं हाड मोडायला वेळ लागत नाही. त्यामुळे तुम्ही काहीही ठरवा, स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी लावतात तसं बुटकं फाटक या आठवड्यातच बसवून घे. दुपारी त्या आत, बुंदी बाहेर.

चावण्याबद्दल तू घाबरली आहेस, ते ओरखडे पाहता साहजिक आहे. पण हा स्वभाव नव्हे, वय आहे. पिल्लाला 28 दुधाचे दात असतात, सुईसारखे. साधारण चौथ्या महिन्यात ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत 42 पक्के दात येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात. शिवाय किती जोरात चावलं की समोरच्याला लागतं, हे पिल्लं एकमेकांशी खेळताना शिकतात, भावंडं केकाटून खेळ थांबवतात तेव्हा. बुंदी एकटीच सापडली, तिचा तो धडा राहून गेला. तो आता तुम्ही द्यायचा. दात लागले की हात झटकू नका, पळू नका, ओरडू नका, तिला तो खेळच वाटतो. जागच्या जागी थांबा, हात बांधा, नजर काढून घ्या, आणि ती शांत झाली की चावायला तिची वस्तू द्या. जुन्या पंचाला गाठी मारून, ओला करून फ्रीजरमध्ये ठेवला की झकास खेळणं होतं. घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं. एकजण थांबतो आणि दुसरा हात पुढे करून खेळवतो, असं झालं तर ती काहीच शिकणार नाही. वर्तमानपत्राची गुंडाळी मारणं, शी-शूमध्ये नाक घासणं हे कुणी सुचवलं तर ऐकू नकोस. त्याने पिल्लू फक्त माणसाच्या हाताला भ्यायला शिकतं.

आणि ते रात्री नऊचं सुसाट पळणं? बहुतेक वेळा ती दमलेली असते. या वयाची पिल्लं दिवसाचे 18-20 तास झोपतात. तुमच्याकडे सहाला घर भरतं, मुलगा तिला सोडत नाही, टीव्ही सुरू होतो, तिला झोपूच मिळत नाही. आठ वाजता अंधाऱ्या खोलीत तिच्या अंथरुणावर ठेवून बघ, आणि मुलाला सांग की झोपलेल्या बुंदीला उठवायचं नाही.

दूधपोळीचं मात्र बदलायला हवं. बऱ्याच पिल्लांना गाईचं दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि नुसत्या पोळीवर हाडं धरत नाहीत. श्रावणात घरात अंडं शिजणार नसेल तर पिल्लांसाठीचं कोरडं खाणं आण, दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं. आपण नाशिककर, म्हणून हे मुद्दाम लिहिते: द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. सत्यनारायणाचा बेदाणे घातलेला शिरा प्रेमाने तिच्यापुढे ठेवला जाईल, तो नको. चॉकलेट आणि कांदाही नको.

लसीचे पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पूर्ण होईपर्यंत तिला इतर कुत्री फिरतात तिथे खाली सोडू नकोस. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो. रक्ताचे जुलाब, उलट्या, मलूल पडणं दिसलं तर रात्र काढायची नाही, लगेच दवाखाना. पण याचा अर्थ घरात कोंडून ठेव असा नाही. कडेवर घेऊन खाली जा, रिक्षा, शाळेची बस, छत्र्या, हेल्मेट घातलेली माणसं दाखव. या वयात जे पाहिलं त्याला ती पुढे घाबरणार नाही. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास असते, तिची तारीख डॉक्टरांकडून आत्ताच घेऊन ठेव.

अध्यक्षांची फार काळजी करू नकोस. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: सोसायटीला, अगदी बहुमतानेही, पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. त्याची प्रत त्यांना दे, वाद घालू नकोस. आणि बुंदीची शी रोज स्वतः उचल.

नवऱ्याचं वाक्य मात्र मला खटकलं. घरात कुत्रा असणार आणि एक धडधाकट माणूस त्यात नसणार, असं चालत नाही. बुंदी राहणार असेल तर रात्रीचं फिरवणं त्यांचं, आणि दुपारी एकच्या सुमारास तासभर येऊन तिला सांभाळणारं कुणीतरी पगारी माणूस लावायचं, त्याचा खर्च तुमचा दोघांचा. हे दोन्ही ठरलं आणि सासूबाई मनापासून हो म्हणाल्या, तर ठेव. मला तरी ती तुमच्याकडेच राहावी असं वाटतं. देवघराचं दार लावून बसलेल्या बाईने स्वतःहून ताटली पुढे केली, ही साधी गोष्ट नाही.

त्या नाही म्हणाल्या, तर दे. त्याला टाकणं म्हणत नाहीत. टाकणं म्हणजे रस्त्यावर सोडून येणं, तो 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. तू एका भिजलेल्या पिल्लाला पावसातून उचलून, लस देऊन, माणसांची सवय लावून घरापर्यंत पोचवते आहेस. त्या ताईंनी तुझ्याकडे एवढंच मागितलं होतं. पण ओझरला आधी स्वतः जाऊन ये, मुलाला घेऊन. अंगण आहे हे ऐकून खूश होऊ नकोस. विचार की ती रात्री कुठे झोपणार, दिवसा साखळीला असणार का, सहा महिन्यांनंतर नसबंदी करून घेणार का. राखणीला कुत्रं हवंय म्हणाले, तर बुंदी परत घेऊन ये आणि ताईंना दुसरं घर शोधायला सांग. घर चांगलं निघालं तर तिचं लसीचं कार्ड, आठवडाभराचं खाणं आणि ती झोपते ते फडकं बरोबर दे. ती चावते, हेही लपवू नकोस.

ते लोक वाट बघताहेत आणि बुंदी रोज मोठी होते आहे. रविवारपर्यंत त्यांना एक फोन कर, हो असो की नाही.

– मावशी